हिवाळ्यापुरती सोबत की आयुष्याची?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घेतली जातात. कागदोपत्री ही केवळ वेळेची व्यवस्था. पण त्या दिवसापासून संध्याकाळचे रूपच पालटते. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला आदल्या आठवड्यापर्यंत जो उजेड भेटत असे, तो आता भेटत नाही. डिसेंबरच्या आरंभी शिकागोत सायंकाळी चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सूर्य मावळतो. न्यूयॉर्कमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा असतो, टोरंटोत तो नऊ तासही भरत नाही आणि लंडनमध्ये तर आठ तासांच्याही आत येतो. त्याच दिवशी पुण्यात सुमारे अकरा तास उजेड असतो. न्यूयॉर्क आणि पुणे यांच्या घड्याळांतील साडेनऊ तासांचे अंतर या दिवसांत साडेदहा तासांवर जाते आणि परदेशी राहणाऱ्या लेकरांचा फोन घरी येण्याची ठरलेली वेळही तासभर सरकते.

याच काळासाठी तिकडच्या तरुणांच्या बोलीत एक शब्द रूढ झाला आहे: ‘कफिंग सीझन’. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुले परदेशी गेलेली आहेत, अशा कितीतरी घरांत हा शब्द आज ना उद्या कानांवर पडणार आहे. त्याचा अर्थ, त्यामागची कारणे आणि त्यातले धोके समजून घेतलेले बरे. तो ऐकून दचकण्याचे कारण नाही, आणि हसण्यावारी नेण्याचेही नाही.

शब्दाचा उगम

‘कफ’ म्हणजे हातकडी. शरद ऋतूच्या अखेरीस एकट्या तरुण-तरुणींनी कोणाशी तरी जोडी जमवावी, थंडीचे महिने त्या सोबतीत काढावेत आणि वसंत आला की बहुधा आपापल्या वाटेने निघून जावे, या रीतीला हे नाव मिळाले. मराठीत लग्नाला गमतीने बेडी म्हणण्याची सवय जुनीच आहे. फरक इतकाच की ती बेडी जन्माची मानली जाते आणि ही एका ऋतूची. हा शब्द आधी कृष्णवर्णीय अमेरिकी तरुणांच्या बोलीत आणि हिप-हॉप संगीताच्या वर्तुळात रुळला, तेथून महाविद्यालयांत पोहोचला आणि २०१७ मध्ये कॉलिन्स शब्दकोशाने वर्षातील लक्षणीय शब्दांच्या निवडक यादीत त्याला स्थान दिले. त्या वर्षी पहिला मान ‘फेक न्यूज’ या शब्दाने पटकावला, हे वाचकांना आठवत असेल.

या रीतीचे एक गमतीदार वेळापत्रकही दरवर्षी हातोहाती फिरते. त्याची परिभाषा खेळांच्या हंगामाची आहे. ऑगस्टमध्ये हेरगिरी, सप्टेंबरमध्ये निवड, ऑक्टोबरमध्ये चाचणी, नोव्हेंबरमध्ये सराव सामने, डिसेंबरपासून प्रत्यक्ष हंगाम आणि १४ फेब्रुवारीला, म्हणजे व्हॅलेंटाइन दिनी, अंतिम सामना. विनोद म्हणून हे वाचायला मजा वाटते. पण खेळाडूची निवड करताना त्याच्या मनाचा विचार करावा लागत नाही. सोबत्याची निवड करताना तो सर्वप्रथम करावा लागतो. या विनोदातील दुखरी जागा तीच आहे.

थंडी, अंधार आणि एकटेपण

हिवाळ्यात माणसाला सोबतीची ओढ अधिक का वाटते, याचा विचार शास्त्रज्ञांनीही केला आहे. १९८४ मध्ये डॉ. नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करताना एका विशिष्ट प्रकारच्या खिन्नतेचे वर्णन केले. दिवस लहान झाले की ती सुरू होते आणि वसंतात ओसरते. झोप वाढते, गोड खाण्याची इच्छा होते, माणसांत मिसळावेसे वाटत नाही, कामात मन लागत नाही. ‘ऋतुजन्य नैराश्य’ असे तिला मराठीत म्हणता येईल. उष्ण प्रदेशातून उत्तरेकडे गेलेल्या माणसाला तिची ओळख नसते; आपल्याला घराची आठवण येते आहे, एवढेच त्याला वाटते.

टोरंटो विद्यापीठातील चेन-बो झाँग आणि जेफ्री लिओनार्देली यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आपल्याला डावलले गेल्याचा प्रसंग आठवण्यास ज्यांना सांगितले, त्यांनी त्याच खोलीचे तापमान इतरांपेक्षा कमी असल्याचे अनुमान केले. दुसऱ्या एका अभ्यासात, २०१२ मध्ये, जिवेन हाँग आणि याचेंग सन यांना थंडी वाजत असलेल्या लोकांचा कल प्रेमकथांच्या चित्रपटांकडे अधिक असल्याचे दिसले. हे प्रयोगशाळेतले लहान अभ्यास आहेत; त्यांवरून सगळ्या मनुष्यस्वभावाचा निर्णय करू नये. तरीही मायेला ‘ऊब’ आणि तुटकपणाला ‘थंडपणा’ म्हणणाऱ्या भाषांनी ही गोष्ट फार पूर्वी हेरली होती, असे म्हणावे लागते.

ऋतूच्या जोडीला समाजाचे वेळापत्रकही असते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, मग नाताळ, मग नववर्षाची पूर्वसंध्या आणि शेवटी व्हॅलेंटाइन दिन. प्रत्येक प्रसंगी कुटुंबे एकत्र येतात, जोडपी मिरवतात आणि एकट्या माणसाला एकच प्रश्न विचारला जातो. परदेशी विद्यार्थ्याची अडचण याहून निराळी असते: सहाध्यायी घरी निघून जातात, वसतिगृह रिकामे होते, खानावळ बंद असते. जोडीदार सुचवणाऱ्या ॲपांवर नाताळनंतर गर्दी उसळते आणि जानेवारीतला पहिला रविवार त्या धंद्यात सर्वाधिक वर्दळीचा मानला जातो, तो उगाच नव्हे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२२ च्या पाहणीनुसार अमेरिकेतील ३० टक्के प्रौढांनी अशा ॲपचा वा संकेतस्थळाचा कधी ना कधी वापर केला होता. तिशीच्या आतील तरुणांत हे प्रमाण ५३ टक्के होते. २०२३ मध्ये तेथील सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी एकटेपणाविषयी स्वतंत्र सूचनापत्र काढले. देशातील सुमारे निम्म्या प्रौढांना एकटेपणाचा अनुभव येतो, असे त्यात नमूद होते. तेव्हा हिवाळ्यात कोणाची सोबत हवीशी वाटणे हे चारित्र्याच्या दुबळेपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल.

न बोललेला करार

दोष सोबत शोधण्यात नाही. तो ती किती काळापुरती आहे, हे न सांगण्यात आहे. एकाच्या मनात फेब्रुवारीपर्यंतचा हिशेब असतो आणि दुसऱ्याच्या मनात आयुष्याचे चित्र. दोघेही त्याविषयी बोलत नाहीत. एकाला बोलून दाखवणे अवघडाचे वाटते, दुसऱ्याला विचारणे धोक्याचे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुन्हा तासभर पुढे जातात, संध्याकाळी उजेड परततो, आणि मग संदेशांची उत्तरे उशिरा येऊ लागतात. काही दिवसांनी येतच नाहीत. भांडण झालेले नसते, निरोपही घेतलेला नसतो.

संबंध तुटण्यालाही ऋतू असतो, याचे एक चित्र डेव्हिड मॅककँडलेस या माहिती-चित्रकाराने २०१० मध्ये जगापुढे ठेवले. फेसबुकवरील हजारो नोंदींमधून ‘आम्ही वेगळे झालो’ अशा अर्थाचे शब्द शोधून त्याने वर्षभराचा आलेख काढला. त्यात दोन उंच शिखरे दिसली: एक वसंताच्या सुट्टीच्या सुमारास आणि दुसरे नाताळच्या साधारण दोन आठवडे आधी. नाताळच्या दिवशी मात्र संख्या अगदी खाली होती. भेटवस्तू, प्रवास, कुटुंबाशी ओळख करून देणे हे सारे टाळायचे असेल तर आधीच मोकळे व्हावे, असा हिशेब त्यामागे असावा, असे अनुमान करता येते.

या सगळ्यात अधिक सोसावे लागते ते विश्वासाने वागणाऱ्याला. परक्या देशात नवीन आलेल्या मुलीला किंवा मुलाला तिथल्या बोलण्यातले संकेत उमगत नाहीत. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या व्यक्तीला चार महिने रोज भेटणे म्हणजे बोलणी पक्की झाल्यासारखे वाटते. समोरच्याच्या लेखी ती सोय असते. आणि ही गोष्ट घरी सांगितलेलीच नसल्यामुळे दुःखही घरी सांगता येत नाही. आईला फोनवर आवाज बसल्यासारखा वाटतो, सर्दीचे कारण दिले जाते, आणि विषय तिथेच संपतो.

महाराष्ट्राचे हिवाळी लग्नघर

परदेशी रीतीकडे बोट दाखवताना घरच्या पंचांगाकडेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातही जोड्या जुळवण्याचा हंगाम नेमका याच महिन्यांत सुरू होतो. पावसाळा सरतो, खरिपाची पिके घरी येतात, रस्ते कोरडे होतात, हातात चार पैसे खुळखुळतात. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीची लग्ने लागतात आणि कार्यालयांच्या तारखा भराभर भरू लागतात. कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास समाप्त होऊन साधू-साध्वींचा विहार सुरू होतो, आणि जैन घरांतही थांबलेली मंगलकार्ये मार्गी लागतात. शेतीवर जगणाऱ्या समाजाने सोयीने घातलेली ही घडी होती. तिच्यात थंडीची भीती नव्हती, आणि शिशिर सरला की संबंध संपावा, ही कल्पना तर मुळीच नव्हती.

मात्र गेल्या काही दशकांत या घडीत एक नवा प्रकार शिरला आहे. अमेरिकेत वा कॅनडात नोकरी करणारा मुलगा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घरी येतो. रजा तीन आठवड्यांची. त्याच्या येण्यापूर्वीच परिचयपत्रके चाळून स्थळांची यादी तयार असते. पहिल्या आठवड्यात सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई अशी धावपळ. एका दिवशी दोन-दोन ठिकाणी पोहे. दुसऱ्या आठवड्यात होकार. तिसऱ्या आठवड्यात साखरपुडा, आणि कधी कधी नोंदणी विवाहसुद्धा, कारण व्हिसाची कागदपत्रे लवकर सुरू करायची असतात. विमानाची परतीची तारीख मुहूर्तापेक्षा अधिक पक्की असते.

आता हे वेळापत्रक आणि ऑगस्ट ते फेब्रुवारीचे ते गमतीदार वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. एकात थंडीचा काळ सरण्याची घाई आहे, दुसऱ्यात रजा संपण्याची. एकाचा शेवट सुटण्यात होतो आणि दुसऱ्याचा बांधले जाण्यात, हा भेद मोठा आहे. परंतु दोन्हींत निवड माणसाला पाहून कमी आणि दिनदर्शिका पाहून अधिक होते. परदेशातील तरुणांना नावे ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या साम्याचा शांतपणे विचार करावा.

यातील जोखीमही बहुधा एकाच बाजूला अधिक असते. जानेवारीत ठरलेले लग्न पुढे होते आणि वधू एच-४ व्हिसावर परदेशी जाते. या व्हिसावर नोकरी करण्याची सरसकट मुभा नसते. २०१५ पासून ती पतीच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा ठरावीक टप्पा पार पडलेला असेल तर, अशा काही अटींवर मिळू लागली. स्वतः कमावणारी, गाडी चालवणारी, माणसांत वावरणारी मुलगी अचानक बर्फाने वेढलेल्या घरात, नऊ तासांच्या दिवसात, एकटी उरते. नवरा कामावरून येतो तेव्हा बाहेर काळोख झालेला असतो. तीन आठवड्यांत ठरलेल्या नात्याची पहिली परीक्षा अशा हिवाळ्यात होते. त्या परीक्षेत दोघे उत्तीर्ण होतातही, पुष्कळ जोडपी झालेली आहेत. पण त्यांनी परीक्षेची कल्पना आधी घेतलेली असती, तर ती सोपी झाली असती.

निवड कशी करावी

मग उपाय काय? थंडीच्या दिवसांत कोणी कोणाला भेटूच नये, असे सांगणे निरर्थक आहे. हिवाळ्यात सुरू झालेली अनेक नाती टिकतात. ऋतूमुळे भेट झाली म्हणून नाते खोटे ठरत नाही. काही गोष्टींचे भान मात्र ठेवता येते.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला नेमके काय हवे आहे, याचा उलगडा स्वतःशी करणे. जोडीदार हवा आहे, की माणसांची सोबत, की केवळ उजेड? ऋतुजन्य खिन्नतेवर वैद्यकीय उपाय उपलब्ध आहेत. सकाळी वीस ते तीस मिनिटे १०,००० लक्स तीव्रतेच्या विशेष दिव्यासमोर बसणे हा त्यांतला परिचित उपाय आहे; तो डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. दुपारी उजेडात चालून येणे, आठवड्यातून एकदा कोणाकडे तरी जेवायला जाणे, स्थानिक मंडळाच्या कार्यक्रमांत हातभार लावणे, यांनीही अर्धा भार हलका होतो. मन थोडे सावरल्यावर घेतलेला निर्णय आणि ते खचलेले असताना घेतलेला निर्णय यांत फार अंतर पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे काळाविषयी स्पष्ट बोलणे. ओळख होऊन महिना झाला की दोघांपैकी कोणीही शांतपणे विचारावे: ‘एप्रिलमध्ये आपण कुठे असू, असे तुम्हाला वाटते?’ उत्तर ‘ठाऊक नाही’ असे आले तरी चालेल. ते प्रामाणिक आहे. प्रश्नच नकोसा वाटला, तर मात्र त्यातच उत्तर मिळाले असे समजावे. ज्याला आयुष्याची जोड नको आहे, त्याने तसे पहिल्याच टप्प्यावर सांगणे ही सभ्यता आहे. दुसऱ्याच्या मनाला अकारण इजा न करण्याचा संस्कार जिथे लहानपणापासून होतो, त्या घरातल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

तिसरी गोष्ट रोजच्या जगण्याची. परिचयपत्रकात शिक्षण, उंची, पगार आणि गोत्र लिहिलेले असते. संसार मात्र ताटाभोवती आणि घड्याळाभोवती फिरतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पुण्यात डिसेंबरमध्ये पाळायचा तर सहा वाजेपर्यंत वेळ असतो. शिकागोत तो सव्वाचारच्या आत पाळावा लागतो, म्हणजे कचेरीतच डबा उघडावा लागतो. दोघांपैकी एकाला तो नियम प्राणप्रिय आहे आणि दुसऱ्याला नाही, असे असेल तर? कांदा-बटाटा घरात आणायचा का? मित्रांकडे नाताळच्या जेवणाला जायचे तर काय खायचे? वृद्ध आई-वडील भारतात आजारी पडले तर कोणी यायचे, किती दिवसांसाठी? मुलीच्या नोकरीचे काय? हे प्रश्न रुक्ष वाटतात. पण त्यांवर तासभर मनमोकळे बोलू शकणारी दोन माणसे एकमेकांविषयी जेवढे जाणतात, तेवढे दहा गोड संध्याकाळींतून कळत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे ऋतू बदलेपर्यंत थांबणे. डिसेंबरमध्ये स्थळ पसंत पडले तर बोलणी पुढे न्यावीत. परंतु लग्नाची तारीख लगेच न ठरवता मधले सहा महिने एकमेकांना जाणण्यासाठी ठेवावेत. आता दृक्‌फोनवर रोज भेटता येते. पूर्वीच्या पिढ्यांना ही सोय नव्हती. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या तरुणांसाठी आणखी एक मार्ग आहे. जैन संघटनांचा महासंघ ‘जैना’ आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ या दोन्ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाल्या. दोन्हींची अधिवेशने दर दोन वर्षांनी, साधारणपणे उन्हाळ्यात भरतात आणि हजारो कुटुंबे तिथे जमतात. दिवस मोठे असतात, मन प्रसन्न असते, सभोवती माणसांचा राबता असतो. एकटेपणाच्या रेट्याखाली नसताना झालेल्या अशा ओळखी पुढे हिवाळ्यातही उपयोगी पडतात.

पाचवी गोष्ट घरच्यांसाठी. ‘तिकडे कोणी आहे का?’ हा प्रश्न दरडावून विचारला, तर ‘कोणी नाही’ हेच उत्तर येते. ‘तू जेवतोस कोणाबरोबर? रविवारी काय करतेस?’ असे विचारले, तर पुष्कळ काही आपोआप कळते. मुलांनी एखाद्याचे नाव घेतले, तर जात, प्रांत आणि पगार विचारण्याआधी तो माणूस कसा बोलतो, रागावल्यावर कसा वागतो, शब्द पाळतो का, हे विचारावे. आणि नाते तुटल्याचे सांगितले, तर ‘आम्ही म्हणत नव्हतो का’ हे वाक्य ओठांवरच थोपवावे. मुलगी परदेशी द्यायची असल्यास मुलाची नोकरी, व्हिसा, आधीचा विवाह यांची चौकशी निःसंकोच करावी. चौकशी म्हणजे अविश्वास नव्हे. अनिवासी भारतीयांच्या विवाहांतील तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे, हेही घरोघरी ठाऊक असावे. त्याची गरज न पडो, एवढेच.

न्यूयॉर्कमध्ये जूनच्या अखेरीस दिवस पंधरा तासांचा होतो. रात्री साडेआठपर्यंत आकाशात उजेड असतो, उद्याने माणसांनी फुललेली असतात, करण्यासारखे शंभर उद्योग असतात आणि कोणाच्याही सोबतीवाचून कोणाचे अडत नाही. अशा दिवशीही ज्याच्यापाशी किंवा जिच्यापाशी जाऊन बसावेसे वाटते, त्या व्यक्तीची निवड थंडीने केलेली नसते, रजेच्या तारखेनेही केलेली नसते. पुढचे सारे हिवाळे तिच्याबरोबर काढायला हरकत नाही.